विहीर गावाची, बोअर शेताचे: पाण्याच्या वाटणीविषयी वाचकांचे प्रश्न

थंडी सरायला लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होतो. जमिनीखालचे पाणी एक आणि त्यावर हात ठेवणारे अनेक: नळयोजना, ऊस, फळबाग, शेततळे, वाळू, खाण. या वेळी तीच पत्रे घेतली आहेत. नावे छापलेली नाहीत. बहुतेक पत्रांत शेजाऱ्याशी चाललेला वाद आहे आणि पत्र लिहिणाऱ्याला उन्हाळा त्याच गावात काढायचा आहे.

प्रश्न: आमच्या गावच्या नळयोजनेची विहीर ४० फूट खोल आहे. साडेतीनशे मीटरवर एका शेतकऱ्याने ३०० फुटांचे बोअर घेतले. त्यानंतर दोन वर्षे फेब्रुवारीतच विहिरीने तळ गाठला. तो म्हणतो, "माझं पाणी तीनशे फुटांवरचं, तुमचं चाळीस फुटांवरचं. संबंध काय?" त्याचे बरोबर आहे का? आणि नसेल तर ते दाखवायचे कसे? (सरपंच, सोलापूर जिल्हा)

उत्तर: त्याचे म्हणणे ऐकायला पटते, पण आपल्या खडकात ते क्वचितच पूर्ण खरे ठरते. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक रचलेले आहेत. थराचा वरचा भाग छिद्रांचा, कुजलेला, ज्याला बोअरवाले मांजऱ्या म्हणतात. खाली घट्ट पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या गेरूचा पट्टा. पाणी राहते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. वरच्या थराला पाऊस थेट मिळतो. खालच्या भेगांना जे मिळते ते बहुतांशी वरूनच, उभ्या चिरांतून झिरपत. म्हणून तीनशे फुटांवर पंप चालला की काही दिवसांनी वरचा थर त्याची किंमत मोजू लागतो.

दुसरी वाट याहून सरळ आहे आणि ती माणसाने केलेली आहे. बोअरला केसिंग, म्हणजे भोकाची भिंत धरून ठेवणारा पाइप, घालतात ते फक्त वरच्या मातीमुरमापुरते, वीस ते चाळीस फूट. खाली भोक उघडेच असते. केसिंगचा तळ पाषाणात नीट बसला नसेल, तर तुमच्या विहिरीच्या थरातले पाणी केसिंगच्या बाहेरून आणि खालून बोअरमध्ये पडत राहते. पंप बंद असतानाही! हे तपासायला पैसा लागत नाही. पंप आणि पाइप वर काढलेले असतील तेव्हा, दुपारी ऊन असताना आरशाने उजेड बोअरमध्ये सोडा आणि कान लावा. ओली भिंत चमकताना दिसते, आणि पाणी पडत असेल तर त्याचा आवाज खालून स्पष्ट येतो.

आता दाखवायचे कसे. दोन दिवसांची चाचणी करा. ती जानेवारीत करा. विहीर आटल्यावर मोजायला काही उरत नाही.

आदल्या दिवशी गावची टाकी भरून घ्या आणि ५०० मीटरच्या आतले सगळे पंप, नळयोजनेचासुद्धा, बंद करा. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा. प्रत्येक मोजणी त्याच खुणेपासून. टेपच्या टोकाला वजन बांधा आणि शेवटच्या मीटरला खडू फासा. खडू जिथवर भिजला तिथे पाण्याची पातळी. रात्रभर दर तासाला नोंद घ्या. विहीर आधीच्या उपशातून भरत असेल तर पाणी चढताना दिसेल, समजा तासाला २ सेंटीमीटर. तो चढ लिहून ठेवा.

सकाळी फक्त ते एक बोअर सुरू करा. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढे आठ तासांपर्यंत दर अर्ध्या तासाने मोजा. मग बोअर बंद करा आणि आणखी किमान सहा तास मोजत राहा. बोअर चालू झाल्यावर पाणी उतरले आणि बंद केल्यावर परत चढले, तर संबंध सिद्ध झाला. इथे एक चूक हमखास होते: पाणी उतरले नाही म्हणून लोक "संबंध नाही" असे लिहून टाकतात. तासाला २ सेंटीमीटर चढणारे पाणी बोअर सुरू झाल्यावर नुसते थबकले, तरी तो परिणामच आहे. दुसरी चूक म्हणजे दोन तासांत चाचणी आटोपणे. भेगांमधून परिणाम पोचायला कधी कधी पाच-सहा तास लागतात. आणि तिसरी, कुणीतरी मधेच आपला पंप चालू करतो. म्हणून दोन्ही बाजूंची माणसे मोजणीला हवीत आणि वहीवर दोघांच्या सह्या हव्यात. बोअरमालकाला पाहुण्यासारखे नको, पंचासारखे बसवा. स्वतःच्या हाताने टेप सोडलेला माणूस आकड्याशी भांडत नाही.

कायद्याचे बोलायचे तर पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत पिण्याव्यतिरिक्त कारणासाठी नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्यापासून बंदी आहे. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला "खोल विहीर" मानले आणि अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी ती घेण्यास मनाई केली. तुमचे ३५० मीटर त्या पाचशेत बसतात. ग्रामसभेचा ठराव, दोन्ही स्रोतांचे अंतर दाखवणारा नकाशा, नळयोजनेच्या विहिरीचे वर्ष आणि वरची मोजणीची वही घेऊन तहसीलदारांकडे व भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे अर्ज करा. वही सोबत असली की अर्जाचे वजन बदलते.

तरीही बोअर बुजवण्याआधी एक तडजोड करून बघावी असे आम्हाला वाटते. वरच्या थराचे पाणी बोअरमध्ये पडत असेल, तर ते रोखता येते. साडेसहा इंची बोअरमध्ये १२५ मिलिमीटर बाहेरील व्यासाचे पीव्हीसी केसिंग विहिरीच्या तळाच्या दहा-पंधरा फूट खालपर्यंत उतरवायचे. त्याच्या खालच्या टोकाला फट बंद करणारा रबरी पॅकर, आणि केसिंग व खडक यांच्या मधल्या फटीत सिमेंटचे पातळ मिश्रण. एका पोत्याला २५ लिटर पाणी घेतले की सुमारे ४० लिटर मिश्रण होते. या फटीला मीटरमागे ९ लिटर लागते, म्हणजे १५ मीटरला साडेतीन पोती. भेगा पितात म्हणून सहा पोती हाताशी ठेवा. मिश्रण वरून ओतू नका. बारीक नळी तळापर्यंत सोडून खालून वर भरत या. वरून ओतले की मधे हवेच्या पोकळ्या राहतात आणि पाणी तिथूनच वाट काढते. सात दिवस पंप सोडायचा नाही. नंतर चार इंची सबमर्सिबल त्या केसिंगमध्ये बसतो.

यानंतर बोअरचे पाणी कमी होईल हे शेतकऱ्याला आधीच सांगा. जे कमी झाले ते गावच्या विहिरीतले होते. आणि उभ्या चिरांतून होणारी ओढ सिमेंटने थांबत नाही. तिच्यासाठी फेब्रुवारी ते मे उपशाचे तास ठरवावे लागतील.

प्रश्न: आमच्या ग्रामसभेत दरवर्षी "पाण्याचा ताळेबंद" असा विषय येतो आणि फक्त भाषणे होतात. प्रत्यक्ष हिशेब कसा मांडायचा? (शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर: एका फळ्यावर मावेल एवढाच हिशेब आहे. तो ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मांडायचा. पाऊस संपलेला असतो, रब्बीची पेरणी हातात असते. भूजल यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा घेते, त्यामुळे तिचा ताजा आकडाही मिळतो. डिसेंबरात मांडलेला ताळेबंद म्हणजे लग्न लागल्यावर जुळवलेली पत्रिका.

समजा गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ६०० मिलिमीटर. एकूण पडलेले पाणी ६० लाख घनमीटर. कुजलेल्या बेसाल्टमध्ये यातले साधारण ७ टक्के जमिनीत मुरते, म्हणजे ४ लाख २० हजार घनमीटर. बाकीचे वाहते, उडून जाते, पिके पितात. मुरलेल्यातले १० टक्के आपोआप ओढ्यानाल्यांतून निघून जाते, ते वजा करा. उरले ३ लाख ७८ हजार.

आता पहिला हक्क माणसांचा. २,००० वस्तीला माणशी रोज ५५ लिटर धरले तर दिवसाला १ लाख १० हजार लिटर, वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर. ८०० मोठ्या जनावरांना रोज ६० लिटरप्रमाणे वर्षाला साडेसतरा हजार. हे काढून ठेवल्यावर शेतीला साधारण ३ लाख २० हजार घनमीटर राहते.

एवढ्या पाण्यात काय होते ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. सरी भरून घेतलेल्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर धरले तर फक्त १६ हेक्टर. कांद्याला साडेपाच हजार धरले तर ५८ हेक्टर. तीन पाण्यांची रब्बी ज्वारी, दर पाण्याला ७५० घनमीटर, १४२ हेक्टर. दोन पाण्यांचा हरभरा २१३ हेक्टर. अख्ख्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी आणि दोन हेक्टर ऊस यांचा आकडा एकच येतो. आमच्या मते सगळ्या भाषणांपेक्षा ही एक ओळ अधिक काम करते.

हिवरे बाजारने हेच केले. पाऊस मोजायचा, ताळेबंद ग्रामसभेत वाचायचा, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर पिके ठरवायची. सोबत शेतीसाठी बोअरला बंदी आणि ऊस-केळीला बंदी. त्याच्याही आधी पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने वाटप जमिनीवर न ठेवता माणसांवर ठेवले: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, आणि भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. तुमच्या गावाला हे नियम जसेच्या तसे लागू होतील असे नाही, पण दोन्ही ठिकाणी क्रम एकच होता. आधी मोजले, मग नियम केला.

हिशेबात चुकते कुठे? गावाच्या शिवेवर. पाणलोट शिव ओळखत नाही. वरच्या गावाने बंधारे घातले की तुमचा आकडा बदलतो. म्हणून शक्य असेल तर त्याच ओढ्यावरच्या दोन-तीन गावांचा फळा एकत्र मांडा. आणि सात टक्के हा सरासरी आकडा आहे. तुमच्या शिवारात खरोखर किती मुरले ते विहिरींच्या पातळीवरून पडताळा: मे आणि ऑक्टोबर यांतला फरक मीटरमध्ये, गुणिले क्षेत्र चौरस मीटरमध्ये, गुणिले ०.०२. कुजलेल्या बेसाल्टमध्ये शंभर भाग खडकात हाती येणारे पाणी साधारण दोनच भाग असते. एक हेक्टरवर पाच मीटर पातळी वाढली तर जमले फक्त १,००० घनमीटर. विहिरीत पाच मीटर पाणी चढलेले बघून लोकांना भरपूर वाटते, फसगत तिथेच होते.

प्रश्न: गाडीवाल्याने बोअर घेताना "तीन इंच पाणी लागलं" सांगितले. शेजारच्याला एक इंच लागले. म्हणजे माझे पाणी त्याच्या तिप्पट ना? (जालना जिल्हा)

उत्तर: नाही, तिप्पट नाही. ते इंच म्हणजे पाणी मोजायच्या पत्र्यातल्या कोनी, V आकाराच्या खाचेवरून पडणाऱ्या पाण्याची उंची. काटकोनी खाचेत एक इंचाला तासाला सुमारे ५०० लिटर, दोन इंचांना २,९००, तीन इंचांना जवळपास ८,००० लिटर. म्हणजे पंधरा पट. पण हा आकडा कॉम्प्रेसरच्या हवेने भेगांतले साठलेले पाणी बाहेर फेकतानाचा आहे. खरे पाणी किती ते पंप बसवून सलग आठ तास चालवल्यावर कळते. २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते पहिल्या, चौथ्या आणि आठव्या तासाला लिहा. आठव्या तासाचा आकडा तुमचा. पंपही त्यावरूनच निवडा, नाहीतर पाच अश्वशक्तीचा पंप दीड तासात बोअर कोरडे करून मोटार जाळतो.

प्रश्न: माझे शेततळे माझ्या जागेत आहे. माझ्याच विहिरीतून भरतो. उन्हाळ्यात डाळिंब जगवतो. गावाने हरकत का घ्यावी? (सिन्नर तालुका)

उत्तर: तुमची अडचण आम्हाला कळते. उभी बाग जळताना बघवत नाही आणि चार वर्षांची मेहनत एका मेमध्ये जाते. पण तळे कशाने भरले यावर सगळे अवलंबून आहे. शेततळ्याची कल्पना वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याची. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, एकास एक उताराच्या तळ्यात २,१९६ घनमीटर मावते, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर. हे पाणी ओढ्याला जाणारे असेल तर कुणाचे काही गेले नाही.

तेच २२ लाख लिटर डिसेंबरात विहिरीतून उपसून प्लास्टिकवर ओतले, तर दोन गोष्टी होतात. पहिली, जमिनीत होते तेव्हा ते सगळ्यांच्या विहिरींना थोडे थोडे पोचत होते. प्लास्टिकवर आले की एकट्याचे झाले. दोन हजार वस्तीच्या गावाचे हे नेमके वीस दिवसांचे पाणी आहे. दुसरी, ते उडून जाते. भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. एप्रिलमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरा, रोज सात हजार लिटर हवेत. जमिनीखाली हीच गळती जवळपास नसते. जमीन ही फुकटची झाकलेली टाकी आहे. तिच्यातून काढून उघड्या टाकीत भरणे यात तुमचेही नुकसान आहे.

तुम्ही एवढे करू शकता: तळे जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याच्या पुराच्या पाण्याने भरा, आत येण्याच्या तोंडाशी दोन बाय दोन मीटरचा गाळखड्डा ठेवा. विहिरीतून भरायचेच असेल तर ते फक्त पाऊस चालू असताना, विहीर काठोकाठ असेल तेव्हा; कारण त्या वेळी उपसलेली जागा पुढच्या पावसाने परत भरते. दसऱ्यानंतर विहिरीचे पाणी तळ्यात सोडायचे नाही, असा नियम काही गावांनी केला आहे आणि तो पाळायला आणि तपासायला सोपा आहे. तळ्यावर शेडनेट टाकले तर बाष्पीभवन बरेच कमी होते. बागेला ठिबक असेलच. नळ्यांखाली उसाच्या पाचटाचे किंवा गवताचे आच्छादन घाला.

प्रश्न: डिचोली तालुक्यात आमची घरची विहीर जांभ्यात आहे. जवळच्या खाणीचा खड्डा उपसायला लागले की ती लवकर आटते. खाणवाले म्हणतात, "मेमध्ये गोव्यातली प्रत्येक विहीर खाली जाते." टँकर देतो म्हणतात. (गोवा)

उत्तर: मेमध्ये जांभ्यातल्या विहिरी खाली जातात हे खरे आहे. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जांभा पाणी धरून ठेवत नाही. म्हणूनच तुमच्याकडे तुलनेसाठी दुसरी विहीर हवी: त्याच उंचीवर, तशाच जांभ्यात, पण डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, खाणीपासून दूर. दोन्ही विहिरी दर रविवारी एकाच वेळी मोजा. दोन्ही सारख्या उतरल्या तर ऋतूचा परिणाम. तुमची उपसा सुरू झाल्यापासून झपाट्याने उतरू लागली आणि दुसरी नेहमीच्या चालीने उतरली, तर कारण वेगळे आहे.

या भागाची रचना समजून घ्या. वर जांभा, त्याखाली चिकण मातीचे थर, आणि त्याखाली भुसभुशीत लोहखनिज. हे भुकटीसारखे खनिजच तिथला खालचा जलधर, म्हणजे पाणी धरणारा थर आहे. बाकी ठिकाणी खाण पाण्याच्या शेजारी असते. इथे जे काढायचे आहे त्यातच पाणी साठलेले आहे. खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की बारमाही उपसा करावाच लागतो. मधली चिकण माती जिथे अखंड आहे तिथे वरच्या विहिरी काही काळ वाचतात. ती कापली गेली की वरचे पाणीही खड्ड्याकडे वळते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातल्या खाणी थांबल्या, तसे उपसा बंद झालेले खड्डे पाण्याने भरले. आता लिलावानंतर काही खाणी पुन्हा सुरू होत आहेत, म्हणजे ते भरलेले खड्डे पुन्हा उपसले जाणार. तुमची वही आजच सुरू करायला हवी.

तीन गोष्टी लेखी मागा. खड्ड्यातल्या पाण्याची आणि तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची. तुमच्या विहिरीच्या तळाची उंची त्याच मापात काढून घ्या. खड्ड्याचे पाणी तुमच्या तळाच्या खाली असेल तर ओढ त्याच्याकडे. दुसरे, खाण आणि वस्ती यांच्या मधोमध पातळी मोजण्याची नळी, पिझोमीटर, आणि तिचे आकडे पंचायतीच्या फलकावर. तिसरे, उपसलेले पाणी कुठे सोडणार. गाळ बसवण्याच्या टाक्यांतून न जाता ते शेतात गेले की लाल गाळ भातखाचरावर साका धरतो. खाली पाणी उतरत नाही, रोपाच्या मुळांना हवा मिळत नाही.

तुमची विहीर २००२ च्या गोवा भूजल कायद्याखाली नोंदवलेली नसेल तर आधी ती नोंदवा. नोंद नसलेल्या विहिरीचे नुकसान कागदावर दिसत नाही. टँकर घेऊ नका असे आम्ही म्हणणार नाही, तहान थांबत नाही. पण टँकरच्या बदल्यात कुठल्याही कागदावर सही करताना त्यात "तात्पुरती सोय" हे शब्द लिहून घ्या, आणि खड्ड्याचेच पाणी नळाने द्यायचे म्हणत असतील तर गढूळपणा, लोह आणि आम्लता यांचा तपासणी अहवाल पाऊस आणि उन्हाळा अशा दोन्ही वेळचा मागा.

प्रश्न: आमच्या नदीपात्रात गावची विहीर आहे. वाळूचा लिलाव होणार आहे. पैसा येईल, पण विहिरीचे काय? (परभणी जिल्हा)

उत्तर: वाळू ही तुमच्या विहिरीची टाकी आहे. बेसाल्टमध्ये शंभरात दोन भाग पाणी हाती येते, वाळूत सोळाच्या आसपास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ती उचलली की साडेचारशे लिटर पाण्याची जागा कायमची गेली. हजार ब्रासला साडेचार लाख लिटर, आणि तीही दर पुराला नव्याने भरणारी जागा. लिलावाआधी भूजल यंत्रणेचा अहवाल आणि ग्रामसभेचे मत घेतले जाते. त्या दिवशी सभा भरवा आणि पात्रात लोखंडी सळई ठोकून वाळूची जाडी पाच-सहा ठिकाणी मोजून ठेवा. विहिरीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांना वाळू राखायला हवी. खालच्या अंगाला खोल खड्डा पडला तरी विहिरीचे पाणी तिकडे ओढले जाते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: शेजाऱ्याने विहिरीत आडवे बोअर मारले, माझी विहीर कमी झाली. (सांगली जिल्हा)

उत्तर: विहीर बांधापासून वीस फुटांवर आणि आडवे बोअर शंभर फूट, तर त्यातले ऐंशी फूट तुमच्या जमिनीखाली आहेत. आडव्या बोअरने नवे पाणी तयार होत नाही, हात लांब होतो. दिशा आणि लांबी बांधाच्या आत राहील असे गावाने ठरवावे. तुमच्याकडे आलेले भोक शोधता आले तर त्याच्या तोंडात लाकडी खुंटी आणि सिमेंट भरून ते बंद होते, पण ते शेजाऱ्याच्या विहिरीतूनच करावे लागते, म्हणून बोलणे आधी.

प्रश्न: उथळ विहिरीचे पाणी बागायतीला जाते, म्हणून पंचायत पिण्यासाठी खोल बोअर घेत आहे. आमच्या भागात फ्लोराइडची तक्रार आहे. (यवतमाळ जिल्हा)

उत्तर: वापर उलटे लावले गेले आहेत. फ्लोराइड असलेल्या खडकात पाणी जितके जास्त काळ राहते तितके फ्लोराइड त्यात विरघळते. म्हणून खोल बोअरमध्ये ते बहुधा जास्त आणि पावसाने दरवर्षी धुतल्या जाणाऱ्या उथळ विहिरीत कमी असते. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. दोन्ही पाण्यांचे नमुने मे महिन्यात जिल्हा प्रयोगशाळेत द्या. ऑगस्टचा नमुना पावसाने पातळ झालेला असतो आणि खोटा दिलासा देतो. विहिरीचे पाणी चांगले निघाले तर ते पिण्याला घ्या आणि त्या शेतकऱ्याला बोअरचे पाणी पाइपने द्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते.

प्रश्न: आमचे शेतातले बोअर पावसाळ्यात भरून घ्यायचे आहे. खड्डा कसा करावा? आणि कोरडी गेलेली दोन बोअर तशीच उघडी आहेत. (धाराशिव जिल्हा)

उत्तर: उघडी बोअर आज बंद करा, पुनर्भरणाचे नंतर बघू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे सोडून दिलेले बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी किंवा बोअरच्याच चुऱ्याने भरायचे आहे. गोणपाट बांधून किंवा वर दगड ठेवून चालत नाही, मूल त्यातून जाते. गावातल्या अशा उघड्या बोअरमधून वरचे घाण पाणी थेट खाली जाते, तो धोका वेगळाच.

चालू बोअरसाठी केसिंगभोवती दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल खड्डा घ्या. पंप आधी वर काढा. केसिंगच्या खड्ड्यातल्या भागात, तळापासून दीड मीटर उंचीपर्यंत, ५ ते ६ मिलिमीटरची भोके चार-चार इंचांवर पाडा आणि त्यावर नायलॉनची जाळी दोन पदरी गुंडाळून तारेने घट्ट बांधा. तळाला दोन फूट मोठे दगड, त्यावर दीड फूट ४० मिलिमीटर खडी, मग एक फूट २० मिलिमीटर खडी, वर एक फूट धुतलेली जाड वाळू. खडी आणि वाळूच्या मधे जाळी टाकली नाही तर वाळू खाली उतरते आणि दोन वर्षांत खड्डा चिखल होतो. वरचा फूटभर भाग रिकामा राहील, तिथे पाणी थांबेल. खड्ड्याच्या आधी पाणी गाळखड्ड्यातून यावे: दीड मीटर लांबरुंद, एक मीटर खोल, बाहेर पडण्याचे तोंड तळापासून अडीच फुटांवर.

खताच्या गोणीजवळून, गोठ्यावरून किंवा फवारणी झालेल्या सऱ्यांतून येणारे पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नका. उघड्या भोकातून ते न गाळता थेट जलधरात जाते आणि पुढच्या विहिरीत निघते. पिण्याच्या पाण्याच्या बोअरला असा खड्डा मुळीच नको, तिथे वरच्या अंगाला चर खोदून पाणी मुरवा. पहिल्या दोन पावसांचे पाणी बाहेर वळवा. दरवर्षी मेमध्ये वरची फूटभर वाळू काढा, धुवा, उन्हात पसरा आणि परत भरा.